एकदाच तपासा, पण मुळापासून तपासा

प्रति,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली. महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई. रुग्णालयांना मानांकन देणारी एनएबीएच. आणि राज्यातल्या सर्व लहानमोठ्या रुग्णालयांचे विश्वस्त व व्यवस्थापक यांस,



मी नाशिकमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्यासारखे बरेच भूलतज्ज्ञ एका रुग्णालयाला बांधलेले नसतात. सकाळी एखाद्या ट्रस्टच्या रुग्णालयातली शस्त्रक्रियांची लिस्ट, दुपारी नर्सिंग होममधलं सिझेरियन, रात्री तिसरीकडून अपघाताचा कॉल, असा आमचा दिवस जातो. सर्जन, रेडिओलॉजिस्ट, हृदयरोगतज्ज्ञ यांचंही थोड्याफार फरकाने असंच चालतं. महाराष्ट्रातल्या खासगी आरोग्यसेवेचा फार मोठा भार अशा फिरत्या डॉक्टरांवर आहे, आणि हे पत्र त्यांच्या कागदपत्रांबद्दल आहे. विषय रुक्ष वाटेल. पण टेबलावर झोपलेल्या माणसाचा जीव ज्याच्या हाती दिला, तो कोण आहे आणि त्याला काय येतं, हे याच कागदांवरून ठरतं.

मोठ्या रुग्णालयांत या कामाचे दोन भाग करतात. पहिला क्रेडेन्शियलिंगचा. डॉक्टरची पदवी, परिषदेतली नोंदणी, प्रशिक्षण, आधीचा अनुभव हे सगळं खरं आहे का, याची पडताळणी. दुसरा प्रिव्हिलेजिंगचा. या डॉक्टरला आपल्या रुग्णालयात नेमक्या कोणत्या शस्त्रक्रिया, कोणते उपचार करू द्यायचे, हा निर्णय. पहिल्या भागाचं उत्तर डॉक्टर कुठेही गेला तरी तेच राहतं. दुसऱ्याचं मात्र रुग्णालयागणिक बदलतं, कारण तिथली यंत्रं, आयसीयू, रक्ताची सोय, रात्रपाळीचा स्टाफ सगळंच वेगळं असतं. आपल्याकडे मात्र उलटं चाललं आहे. जे सगळीकडे सारखं आहे ते प्रत्येक रुग्णालय नव्याने गोळा करतं, आणि जे प्रत्येक रुग्णालयाने स्वतः बसून ठरवायला हवं ते छापील फॉर्मवर खुणा करून उरकलं जातं. मला जे सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते बदलणं तुमच्या हातात आहे म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

आधी फाइलचं सांगते. एमबीबीएसची पदवी, इंटर्नशिप पुरी केल्याचा दाखला, एमडीची पदवी, परिषदेची नोंदणी, वाढीव पात्रतेची नोंद, दर पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाचा कागद, त्यासाठी जमवलेल्या ३० क्रेडिट पॉइंट्सचे दाखले, इंडेम्निटी पॉलिसी, हिपॅटायटिस बीच्या लशीची नोंद, एसीएलएसचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, फोटो. या सगळ्याच्या झेरॉक्स, प्रत्येकीवर सही. मी जिथे जिथे जाते तिथे हा गठ्ठा दिलेला आहे. पॉलिसीचं वर्ष संपलं की सगळीकडून एकदमच फोन सुरू होतात. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तेच कागद योजनेसाठी पुन्हा, विमा कंपन्यांच्या टीपीएसाठी पुन्हा, नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं की महापालिकेसाठी पुन्हा. मानांकनाची तपासणी जवळ आली की क्वालिटी विभागातल्या मुली रात्री उशिरापर्यंत बसून फायली पुऱ्या करतात. "मॅडम, तुमचा एक कागद कमी आहे, असेसर परवा येणार आहेत," असा फोन येतो तेव्हा त्यांच्या आवाजातली धास्ती ऐकू येते. त्या मुलींचा यात काही दोष नाही. फाइल पुरी आहे का, एवढंच त्यांना विचारलं जातं. फाइलमधला कागद खरा आहे का हे कोणी विचारत नाही, आणि ते तपासायचं साधनही त्यांच्या हाती देत नाही.

आता याच शहराकडे पाहा. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली ते स्थापन झालं आणि त्यानंतर राज्यात शिकलेले बहुतेक डॉक्टर त्याचीच पदवी घेऊन बाहेर पडले. आमच्याकडचा एखादा मुलगा अमेरिकेला जायला निघाला की तिथली ईसीएफएमजी ही संस्था त्याच्या पदवीबद्दल थेट पदवी देणाऱ्या संस्थेकडे विचारणा करते. मुलाने पाठवलेल्या प्रतीवर ती थांबत नाही. इंग्लंडची जनरल मेडिकल कौन्सिलही परदेशी डॉक्टरांकडून अशीच मुळापासूनची पडताळणी मागते. दुबईत नोकरी लागली तर डेटाफ्लो नावाच्या संस्थेमार्फत तीच चौकशी होते. म्हणजे बोस्टनच्या, लंडनच्या, दुबईच्या रुग्णासाठी आपल्या पदव्यांची मुळाशी जाऊन खातरजमा होते, आणि उत्तरं देणारी माणसं इथलीच असतात. विद्यापीठापासून काही किलोमीटरवरच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेला दाखल झालेल्या नाशिककराच्या वाट्याला मात्र झेरॉक्स येते. परदेशातल्या रुग्णाला जे देतो ते आपल्या माणसाला देता येत नाही, याला मला कोणतंही सबळ कारण दिसत नाही.

झेरॉक्सवर विसंबण्याची किंमत आपण याच राज्यात मोजली आहे. कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची बनावट प्रमाणपत्रं देऊन पन्नासहून अधिक डॉक्टरांनी परिषदेकडे वाढीव पात्रता नोंदवून घेतल्याचं काही वर्षांपूर्वी उघड झालं, आणि २०१८च्या सुमारास परिषदेने त्यांच्यावर कारवाई केली. ही माणसं एमबीबीएस होती. खोटी होती ती तज्ज्ञ असल्याची नोंद. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा पुरेसा चर्चेत आला नाही असं मला वाटतं. त्या काळात एखाद्या दक्ष रुग्णालयाने परिषदेचं प्रमाणपत्र बारकाईने तपासलं असतं तरी ते अस्सलच निघालं असतं, कारण खोटी माहिती नोंदवहीतच शिरली होती. ज्या संस्थेने शिकवलं आणि परीक्षा घेतली तिच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय हे कळणारच नव्हतं. म्हणून मी म्हणते आहे की मुळापासून तपासा. आणि हे काम एका भूलतज्ज्ञासाठी शहरातल्या प्रत्येक नर्सिंग होमने वेगवेगळं करावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. ते परिषदेने आणि आयोगाने एकदा करायचं, चोख करायचं, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना उघड ठेवायचं.

मध्य प्रदेशात दमोहला २०२५मध्ये काय घडलं ते ताजं आहे. एका नामवंत ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावून एक जण तिथल्या रुग्णालयात हृदयावरचे उपचार करत होता, त्याची प्रमाणपत्रं बनावट होती, असा आरोप आहे. सात रुग्णांच्या मृत्यूची तक्रार राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत गेली आणि एप्रिलमध्ये पोलिसांनी त्याला अटक केली. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. त्याआधीही तो दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयात काम करून आला होता, हे वाचल्यावर मला सर्वांत जास्त अस्वस्थ वाटलं.

परदेशातलं एक प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण पडताळणी कशी करू नये हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही शिकवत नाही. जयंत पटेल हे जामनगरला शिकून अमेरिकेत गेलेले सर्जन. ऑरेगन राज्याच्या मंडळाने २०००मध्ये त्यांच्यावर काही मोठ्या शस्त्रक्रियांपुरते निर्बंध घातले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमधला परवाना त्यांना सोडून द्यावा लागला. २००३मध्ये ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्यातल्या बुंडाबर्गच्या सरकारी रुग्णालयात आले आणि थोड्याच काळात तिथल्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. अर्जात त्यांनी आधीच्या कारवाईचा उल्लेख केला नव्हता. पण ऑरेगनचा जो दाखला फाइलमध्ये होता त्यावर लिहिलेलं होतं की या डॉक्टरबद्दल एक जाहीर आदेश आहे, सोबतचं पान पाहावं. सोबत पान नव्हतं. ते पान कुठे आहे, असं नोंदणी मंडळातल्या कोणीही विचारलं नाही. सगळे रकाने भरलेले होते, दाखला आलेला होता, फाइल पुरी होती.

त्यानंतर रुग्ण दगावू लागले. आयसीयूच्या प्रमुख परिचारिका टोनी हॉफमन तक्रारी करत राहिल्या आणि व्यवस्थापन त्या बाजूला सारत राहिलं. शेवटी त्या आपल्या भागातल्या आमदारांकडे गेल्या आणि २००५च्या मार्चमध्ये हा विषय विधिमंडळात आला. त्यानंतर एका पत्रकाराने डॉक्टरांचं नाव इंटरनेटवर शोधलं, आणि अमेरिकेतले आदेश समोर आले. जे काम नोंदणी मंडळाला आणि रुग्णालयाला दोन वर्षांत जमलं नाही ते एका माणसाने घरबसल्या केलं. पटेल यांची सदोष मनुष्यवधाची शिक्षा पुढे २०१२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, हेही नोंदवायला हवं. नोंदणी मिळवताना केलेल्या लबाडीचा गुन्हा मात्र त्यांनी २०१३मध्ये कबूल केला. १ जुलै २०१०पासून ऑस्ट्रेलियाने राज्याराज्यांची वेगळी नोंदणी मंडळं बाजूला ठेवून सगळ्या देशासाठी एकच नोंदवही सुरू केली. आज तिथे एखाद्या डॉक्टरच्या कामावर अट घातली असेल तर ती सामान्य माणसालाही त्या नोंदवहीत वाचता येते.

आपल्याकडे नोंदवह्यांची वाण नाही. उलट त्या वाढतच चालल्या आहेत. परिषदेची नोंदवही आहेच. २०२१च्या सप्टेंबरपासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आरोग्य व्यावसायिकांची वेगळी नोंद आहे. आयोगाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे प्रत्येक डॉक्टरला देशभर चालणारा एक क्रमांक मिळायचा आहे, आणि त्यासाठीचं राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवहीचं पोर्टल २३ ऑगस्ट २०२४ला सुरू झालं. या प्रत्येक ठिकाणी आम्ही तेच कागद नव्याने अपलोड करायचे. एकीकडे मंजूर झालेला कागद दुसरीकडे कामाला येत नाही. आयोगाने आणि परिषदेने एकत्र बसून हे आधी मिटवावं. एका डॉक्टरचा एक क्रमांक, त्याच्या मागे पदवी देणाऱ्या विद्यापीठाने किंवा मंडळाने स्वतः दिलेला होकार, आणि त्यासोबत आजची स्थिती: नोंदणी चालू आहे का, निलंबन झालं आहे का, काही अट घातली आहे का. हे रुग्णालयाच्या संगणकाला थेट विचारता आलं पाहिजे, आणि स्थिती बदलली की त्या डॉक्टरला ज्या ज्या रुग्णालयांनी घेतलं आहे त्यांना त्याच दिवशी कळलं पाहिजे. परिषदेने डॉक्टरांच्या क्यूआर कोडची योजना आणली, तिचं मी स्वागत करते. रुग्णाला कोड स्कॅन करून डॉक्टर नोंदणीकृत आहे एवढं कळेल. पण त्या कोडमागची नोंद मुळापासून तपासलेली असेल तरच त्याला अर्थ आहे.

विद्यापीठाच्या आधीच्या पिढीचा प्रश्न वेगळा आहे. माझ्याहून वयाने मोठे असलेले अनेक सहकारी पुणे, मुंबई, नागपूर विद्यापीठांचे पदवीधर आहेत. त्यांच्या जुन्या नोंदी शोधायला वेळ लागेल, माणसं लागतील. तो खर्च करावा.

आता प्रिव्हिलेजिंग. इथे माझा राग जास्त आहे, कारण इथे कागद कमी पडत नाहीत, विचार कमी पडतो. एनएबीएचच्या मानकांत मनुष्यबळाच्या प्रकरणात डॉक्टरांना काय करायची मुभा आहे हे ठरवून, लिहून, वेळोवेळी तपासायला सांगितलं आहे. २०२५मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीतही ते आहे. मानक चांगलं आहे. प्रत्यक्षात काय होतं? एका रुग्णालयाचा फॉर्म दुसरं रुग्णालय उतरवून घेतं. त्यावर शस्त्रक्रियांची लांबलचक यादी असते, समोर 'स्वतंत्रपणे' आणि 'देखरेखीखाली' असे दोन रकाने. डॉक्टर 'स्वतंत्रपणे'च्या रकान्यात वरून खालपर्यंत खुणा करतो, समितीचे सदस्य सह्या करतात. गेल्या दोन वर्षांत यातल्या किती शस्त्रक्रिया केल्या, हा प्रश्न क्वचितच येतो. गुंतागुंत किती झाली हा तर त्याहून क्वचित. अशा समित्यांमध्ये मी बसले आहे, आणि चांगल्या, प्रामाणिक माणसांनाही हा प्रश्न विचारताना अवघडताना पाहिलं आहे. समोर बसलेला डॉक्टर रुग्णालयाला रुग्ण आणून देणारा असतो, ही त्या अवघडलेपणामागची खरी गोष्ट आहे.

भूलशास्त्रातलं उदाहरण देते. एमडी झालेल्या भूलतज्ज्ञाने मोठ्या माणसांच्या शेकडो शस्त्रक्रियांना भूल दिलेली असते. दोन किलोच्या नवजात बाळाला भूल देणं हे वेगळंच काम आहे. श्वासनळी काही मिलिमीटरची, औषधाचा डोस दशांशात, शरीर थंड पडायला काही मिनिटं पुरतात. फॉर्मवर मात्र 'जनरल अनेस्थेशिया, सर्व वयोगट' अशी एकच ओळ असते. माझ्या ओळखीच्या एका तरुण भूलतज्ज्ञ मुलीला एका रुग्णालयाने रात्री अन्ननलिकेचा जन्मजात दोष असलेल्या बाळासाठी बोलावलं. तिने ती केस एकटीने घ्यायला नकार दिला आणि मुलांच्या भूलशास्त्राचा अनुभव असलेल्या वरिष्ठ डॉक्टर येईपर्यंत बाळाला एनआयसीयूमध्ये स्थिर ठेवायचा आग्रह धरला. रुग्णालयाने तिला तिचाच फॉर्म दाखवला, यावर तुमची खूण आहे म्हणून. बाळ वाचलं. ती मात्र पुन्हा त्या रुग्णालयाच्या यादीत राहिली नाही. तिने जे केलं ते प्रिव्हिलेजिंगच्या व्यवस्थेने करायला हवं होतं. रात्री दोन वाजता कोवळ्या वयाच्या डॉक्टरवर ती जबाबदारी येऊ नये.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया नव्या होत्या तेव्हाची गोष्टही अनेकांना आठवत असेल. शनिवार-रविवारची कार्यशाळा करून सोमवारी पित्ताशय काढायला सुरुवात, असं जगभर चाललं होतं, आणि पित्तनलिकेच्या इजा वाढल्या. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाने १९९२मध्ये रुग्णालयांना सांगितलं की जाणकाराच्या देखरेखीखाली ठरावीक संख्येने शस्त्रक्रिया केल्याशिवाय सर्जनला स्वतंत्रपणे करू देऊ नका. आज आपल्याकडे रोबोटिक शस्त्रक्रिया मोठ्या शहरांबाहेरही पोचू लागल्या आहेत. एनएबीएचने अशा प्रत्येक नव्या तंत्रासाठी किमान अट काय असावी हे तज्ज्ञ संघटनांकडून लिहून घ्यावं. असेसरने फायलीतली पानं मोजण्यापेक्षा दोन-तीन डॉक्टरांच्या नोंदी काढून विचारावं: यांना ही मुभा कशाच्या आधारावर दिली, कोणी पाहिलं, पुन्हा कधी पाहणार. पडताळणी परिषदेने एकदा केलेली असेल तर तीच कागदपत्रं रुग्णालयाकडे पुन्हा मागू नयेत. त्या वेळात त्यांना हे काम करू द्यावं.

व्यवस्थापकांना एक आठवण करून देते. डॉक्टर आमचे नोकर नाहीत, व्हिजिटिंग आहेत, असं म्हणून रुग्णालयाला हात झटकता येत नाहीत. सविता गर्ग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्येच हे स्पष्ट केलं आहे. रुग्ण रुग्णालयावर विश्वास ठेवून येतो. डॉक्टर पगारी आहे की बाहेरून येणारा, हा रुग्णालयाचा आणि डॉक्टरचा आपसातला मामला. म्हणून कोणाला आत घ्यायचं आणि काय करू द्यायचं हा तुमचाच निर्णय आहे, आणि तो क्वालिटी विभागातल्या एका मुलीवर सोपवून मोकळं होता येणार नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल आपण सगळेच गप्प बसतो. आधीच्या रुग्णालयात काय झालं? एखाद्या सर्जनच्या हातून वारंवार गंभीर चुका झाल्या, तर आपल्याकडची रुग्णालयं त्याला शांतपणे जायला सांगतात. नामुष्की नको, कोर्टकचेरी नको. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला किंवा शेजारच्या जिल्ह्यात जातो, आणि तिथे त्याच्याकडे चांगल्या वर्तणुकीचा दाखला असतो. अमेरिकेने यासाठी १९८६मध्ये कायदा केला. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला संरक्षण दिलं, १९९०मध्ये राष्ट्रीय माहितीकोश उघडला, आणि डॉक्टरला घेताना व नंतर दर दोन वर्षांनी तिथे विचारणं रुग्णालयांना बंधनकारक केलं. तरीही डॅलसमध्ये ख्रिस्तोफर डंच नावाचा न्यूरोसर्जन एका रुग्णालयातून दुसऱ्यात जात राहिला. पहिल्या मोठ्या रुग्णालयाने २०१२मध्ये त्याला राजीनामा देऊ दिला, त्याच्याविरुद्ध काही कारवाई नाही असं पत्रही दिलं, आणि म्हणून माहितीकोशात काही पोचलंच नाही. पुढच्या रुग्णालयात एक रुग्ण दगावला, एक कायमची अपंग झाली. परवाना निलंबित व्हायला २०१३चा जून उजाडला, आणि २०१७मध्ये त्याला जन्मठेप झाली. कायदा असूनही शांतपणे निरोप द्यायच्या सवयीने तो निकामी ठरला. आपल्याकडे तर कायदाही नाही.

आयोगाने हे करावं अशी माझी मागणी आहे. सद्भावनेने, लेखी, पुराव्यासह माहिती देणाऱ्या रुग्णालयाला संरक्षण द्या, आणि चौकशी चालू असताना राजीनामा घेऊन सोडलं तर ते कळवणं सक्तीचं करा. याची दुसरी बाजू मला ठाऊक आहे. समितीत बसलेले सर्जन हे त्याच गावातले प्रतिस्पर्धी असतात, आणि चुकीच्या हातात ही सत्ता गेली तर नव्या माणसाला गावातून हुसकून लावायला वापरली जाईल. अमेरिकेतच ऑरेगनमधल्या ॲस्टोरिया गावात तसं घडलं होतं आणि १९८८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्जनच्या बाजूने निकाल दिला. म्हणून डॉक्टरला आपल्याबद्दल काय लिहिलं आहे ते पाहण्याचा, उत्तर देण्याचा, शहराबाहेरच्या तज्ज्ञांकडे दाद मागण्याचा हक्क हवा. तो हक्क असेल तर प्रामाणिक डॉक्टर या व्यवस्थेला घाबरणार नाहीत.

लहान नर्सिंग होमचे मालक म्हणतील, आमच्याकडे समिती कुठून आणायची? त्यांची अडचण खरी आहे. दहा-पंधरा खाटांच्या रुग्णालयात मालक डॉक्टरच सगळं पाहतो. त्यांनी एकत्र यावं. या राज्याने साखर, दूध, बँका सहकारातून उभ्या केल्या. एका जिल्ह्यातल्या नर्सिंग होम्सनी मिळून पडताळणीचं एक सामायिक कार्यालय चालवणं त्यापुढे अवघड नाही. तिथे डॉक्टरची फाइल एकदा तयार होईल, पॉलिसी आणि नूतनीकरणाच्या तारखा एकाच ठिकाणी पाहिल्या जातील. मुभा मात्र प्रत्येक रुग्णालयाने आपल्या सोयी पाहून स्वतः द्यायची. ज्या ठिकाणी रात्री रक्त मिळत नाही तिथे मोठ्या रक्तस्रावाची शक्यता असलेली शस्त्रक्रिया ठरवून करू नये, मग सर्जन कितीही नावाजलेला असो.

सीमेवरच्या जिल्ह्यांची दखलही घ्यायला हवी. सिंधुदुर्गातले रुग्ण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये जातात, चंदगड-गडहिंग्लजचे बेळगावला. रुग्ण राज्याची हद्द सहज ओलांडतो. डॉक्टरला ती ओलांडायची तर दुसऱ्या परिषदेची नोंदणी आणि एनओसीचे हेलपाटे. देशभर चालणारा क्रमांक खरोखर चालू लागला तर हे संपेल. दूरवरून आयसीयू पाहणाऱ्या तज्ज्ञांचंही तसंच आहे. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २०२०च्या मार्चमध्ये आली, पण मुंबईत बसून धाराशिवच्या आयसीयूला सल्ला देणाऱ्या डॉक्टरची मुभा कोणी तपासायची, हे रुग्णालयांनी आपापल्या परीने ठरवायचं असं चाललं आहे.

आणि नाशिकपुरती एक घाई आहे. २०२७चा सिंहस्थ समोर आहे. २००३च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी आम्ही विसरलेलो नाही. या वेळी बाहेरच्या जिल्ह्यांतून, कदाचित बाहेरच्या राज्यांतूनही डॉक्टर इथे येतील, काही स्वयंसेवक म्हणून येतील. एकाच वेळी शंभर जखमी आले आणि अनोळखी डॉक्टर ओटीच्या दारात उभे राहून "मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, मदत करतो" म्हणाले, तर तिथल्या सिस्टरने काय करायचं? त्यांना परत पाठवायचं की आत घ्यायचं? ११ सप्टेंबर २००१नंतर अमेरिकेत हाच प्रश्न उभा राहिला होता. मदतीला आलेल्या अनेक डॉक्टरांची खातरजमा वेळेत करता आली नाही, आणि म्हणून तिथे स्वयंसेवक आरोग्यकर्मींची आधीच तपासलेली यादी तयार ठेवायची पद्धत सुरू झाली. कोविडच्या काळात केरळहून डॉक्टर आणि परिचारिकांचं पथक मुंबईला सेव्हन हिल्स रुग्णालयात आलं, तेव्हा आपणही पाहिलं की बाहेरच्या माणसांची गरज अचानक पडते.

म्हणून माझी विनंती आहे की नाशिकपासून सुरुवात करा. विद्यापीठ इथे आहे, जिल्हा रुग्णालय इथे आहे, मानांकन असलेली खासगी रुग्णालयं आणि शेकडो नर्सिंग होम्स इथे आहेत. पर्वणीच्या आधी या जिल्ह्यात काम करणाऱ्या आणि सिंहस्थासाठी येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरची पदवी मुळापासून एकदा तपासा, नोंदणीची आजची स्थिती त्याला जोडा, कोण आघातशस्त्रक्रिया करू शकतो, कोण लहान मुलांना भूल देऊ शकतो याची यादी करा, आणि ती सगळ्या रुग्णालयांना एकाच ठिकाणी दिसू द्या. परिषदेने दोन माणसं इथे बसवावीत, आयोगाने पोर्टलची दारं रुग्णालयांना उघडावीत, एनएबीएचने या यादीतली पडताळणी आपल्या तपासणीत ग्राह्य धरावी. काही महिने लागतील, पण ते आज हातात आहेत.

त्या यादीतली पहिली फाइल माझी घ्या. माझी पदवी विद्यापीठाला विचारून तपासा, मी जिथे काम केलं त्या रुग्णालयांना माझ्याबद्दल विचारा, माझ्या केसेसच्या नोंदी मागवा, आणि मला काय करू द्यायचं नाही हेही त्यावर स्पष्ट लिहा.

आपली,
एक भूलतज्ज्ञ
नाशिक